अण्णांचा दहा फुटी रूळ

"तुमच्याकडं सगळ्यात लांब वस्तू कंची?"

खोली बघायला आलेल्या माणसाला घरमालक काय काय विचारतो? जात विचारतो, नोकरी विचारतो, गावाकडचे पाहुणे किती येतात ते विचारतो. मी या सगळ्याची उत्तरं पाठ करून आले होते. चंदगडहून कोल्हापूरला चित्रकलेची बाई म्हणून नुकतीच लागले होते, अंगावर नवी साडी होती आणि अंगात उसनं धैर्य होतं. समोर कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि कानावर पेन्सिल असा एक उंच माणूस उभा होता आणि माझी सगळ्यात लांब वस्तू कोणती ते विचारत होता.

"मच्छरदाणीच्या काठ्या," मी भांबावून म्हणाले.

"किती फुटी?"

"मोजल्या नाहीत."

एखाद्यानं स्वतःचं नाव माहीत नाही म्हणावं, तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मोजून या. मग बगू."

मी चक्क परत गेले. मावशीच्या घरी जाऊन काठ्या मोजल्या आणि दुसऱ्या दिवशी येऊन साडेपाच फूट असं सांगितलं. ते माझ्याबरोबर जिना चढून आले, वळणावर थांबले, हवेत हात फिरवून काठी वळवल्यासारखं केलं आणि म्हणाले, "बसत्यात. खोली तुमची. बाकीचं सामान मानूस कुटंबी कोंबतो वो, लांब वस्तू बसली की मानूस बसला." भाडं किती ते मलाच विचारावं लागलं.

हे अण्णा. सगळी गल्ली त्यांना अण्णाच म्हणायची, कारण त्यांचा धाकटा भाऊ त्यांना अण्णा म्हणायचा. कानडीत अण्णा म्हणजे थोरला भाऊ, आणि धाकटा तो तम्मा. घरात कानडी, दारात मराठी, असं ते कुटुंब होतं. वडिलांची लाकडाची वखार होती. वडील गेल्यावर अण्णांनी अर्ध्या वखारीत फर्निचरचा कारखाना काढला. खाली कारखाना, त्याच्या मागं त्यांचं घर आणि कारखान्यावर माझी खोली. आई तम्मा लहान असतानाच गेली होती. अण्णांची बायको, जिला आम्ही सगळे वैनी म्हणत असू, ती लग्न होऊन आली आणि पहिल्याच दिवशी तिच्या ओटीत नारळाऐवजी दीर घातला असं ती स्वतःच हसत सांगायची. त्यांना मूलबाळ झालं नाही. तम्मा होता ना.

मी तिथं राहिले त्या काळात अण्णांनी मला इतक्यांदा थक्क केलं की शेवटी शेवटी माझा आ वासलेलाच असायचा. लग्नाचंच बघा. मुरगूडला त्यांच्या नात्यात लग्न होतं. हे आदल्या दिवशी सकाळीच जाऊन बसले. मांडवही पडला नव्हता. लग्न लागलं, वरात गेली, आचाऱ्यानं भांडी घासून गाडीत भरली, तरी हे तिथंच. दुसऱ्या दिवशी परतले. वैनी एकटी एसटीनं केव्हाच घरी आली होती. मी विचारलं, तर म्हणाले, "कार्याच्या आधी एक दीस आनि कार्यानंतर एक दीस मानूस तितं पायजे. मदीच जाऊन मदीच उटून येतो, त्यो पावना न्हवं, त्यो चोर."

फोनवरही तेच. घंटा वाजली की उचलायचे आणि काही न बोलता उभे राहायचे. पलीकडचा 'हॅलो हॅलो' करून घसा बसवायचा. मग हे बोलायचे. बोलणं संपलं, पलीकडच्यानं ठेवला, तरी यांच्या कानाला फोन तसाच. समोरासमोर बोलतानाही आधी थोडा वेळ गप्प, मग बोलणं, मग पुन्हा थोडा वेळ तिथंच उभे. नवा माणूस हमखास गांगरायचा. मी तर पहिल्या पावसाळ्यात ठरवूनच टाकलं होतं की घरमालक सज्जन आहे पण डोक्याचा एक स्क्रू ढिला आहे.

याचं मूळ लाकूड कापण्यात होतं, हे मला पुढं कळलं.

प्लायची शीट आठ फूट बाय चार फूट असते. ती सरळ कापणं ही सुतारकामातली मोठी कटकट. हातात धरायच्या विजेच्या कटरनं आठ फूट कापत गेलं, की हात कुठंतरी वळतोच. म्हणून बाजूला एखादी सरळ पट्टी शिकंज्यानं आवळायची आणि कटर तिला टेकवून चालवायचा. आमच्याकडे तेव्हा सगळे खिडकीची ॲल्युमिनियमची पट्टी वापरत. मग पुण्याच्या एका प्रदर्शनात अण्णांनी एक परदेशी कटर बघितला. त्याच्या तळाला खाच, आणि ती खाच एका लांब पट्टीवर बसलेली. कटर त्या पट्टीवरून आगगाडीसारखा धावायचा, इकडं नाही की तिकडं नाही. विकणारे त्याला गाईड रेल म्हणत होते. अण्णा पहिल्या दिवसापासून रूळच म्हणाले.

ते परत आले ते वेडे होऊनच. कटर तर घ्यायचा ठरला, पण रूळ किती लांबीचा घ्यायचा, यावर त्या घरात जेवढा खल झाला तेवढा तम्माच्या लग्नाच्या वेळीही झाला नाही. पुण्याचा दुकानदार म्हणत होता, पाच पाच फुटी दोन घ्या, मध्ये जोडता येतात, आणायला सोपे. तम्माही तेच म्हणत होता. मलाही ते पटलं आणि मी आपलं मत मांडायला गेले.

अण्णा आधी त्यांच्या सवयीप्रमाणे गप्प राहिले. मग म्हणाले, "बाई, सांदा म्हंजे खोटं बोलायची जागा. दोन तुकडं एकाच्या नावानं बोलत्यात. मदी केसाएवढं जरी वाकडं झालं तरी सगळ्या फळीला कळतं."

"मग आठ फुटी घ्या. शीट आठचीच आहे ना?"

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मला हाताला धरून कारखान्यात नेलं, जमिनीवर खडूनं आठ फुटांची रेघ ओढली, आणि तिच्या सुरुवातीला कटर ठेवला. "हितं ठेवला. ह्याचं निम्मं बूड रुळावर, निम्मं हवेत. डुगडुगतंय का न्हाय? आनि तिकडं शेवटाला पोचला, की पुन्ना निम्मं हवेत. जितं लाकूड सुरू व्हतं आनि जितं संपतं, तितंच हात थरथरतो बगा. मदी कुनीबी सरळ कापतंय. म्हनून लाकडाच्या आधी एक फूट रूळ, आनि लाकूड संपल्यावर एक फूट रूळ. आठाला दहा. एकसंध."

तर लग्नातली आदल्या दिवशीची हजेरी आणि फोनवरचं ते मौन इथून आलं होतं! मी त्या खडूच्या रेघेकडं बघत राहिले. एका माणसानं लाकूड कापायचा नियम सबंध जगण्याला लावला होता आणि बायकोला, भावाला, फोनवरच्या परक्या माणसांना त्याप्रमाणे वागवत होता. हसावं की घाबरावं ते मला कळेना.

दहा फुटी रूळ विमानातून येईना आणि पुण्याचा दुकानदार मागवून देईना. अण्णा थांबले. चांगलं वर्षभर थांबले. मग उद्यमनगरातल्या एका फौंड्रीवाल्याचं जर्मनीहून मशीन येणार असल्याचं त्यांच्या कानावर आलं. त्याच्या ऑफिसची टेबलं अण्णांनीच केली होती. हे त्याच्याकडं गेले आणि मशीन केवढं, कसलं हे काहीही न विचारता म्हणाले, "खोकं किती लांब हाय?" तो बिचारा चाटच पडला. पण कोल्हापूरचा माणूस, एकदा हो म्हणाला की म्हणाला. काही महिन्यांनी त्या मशीनच्या खोक्यात, तेलकट कागदात गुंडाळलेला अण्णांचा रूळ कोल्हापुरात उतरला.

घरी आला आणि नवाच घोळ झाला. रूळ उभा ठेवायचा नाही, वाकतो. कारखान्यात ठेवायचा नाही, कुणी पाय देईल. म्हणजे घरात, खाटेखाली, सपाट. पण त्यांची खोली नऊ फुटांचीच. रूळ फक्त एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात, तिरपाच मावत होता. मग काय, खाटही तिरपी झाली. कपाट सरकलं, देव्हारा सरकला. सरळ रेघेसाठी जीव टाकणारा हा माणूस त्यापुढं कायम तिरपा झोपला. वैनी मला म्हणायची, "काय सांगू बाई, राती पानी प्यायला उटलो की मला माझंच घर घावत न्हाय." कोल्हापूरकडच्या बायका 'उठलो, आलो' असंच म्हणतात. मला ती सवय व्हायला वेळ लागला, त्या तिरप्या खोलीची मात्र कधीच झाली नाही.

रुळावर दोन्ही भाऊ काम करत, तेव्हा बघायला मात्र मला फार आवडायचं. अण्णा कटर ढकलायचे, तम्मा कापलेली बाजू तोलून धरायचा. एक शब्द नाही. फळी संपली, तरी अण्णांचा कटर पुढं फूटभर जायचा आणि मग थांबायचा. तम्मानं उद्यमनगरातून एका गावठी कटरला तसाच खाचेचा तळ बसवून घेतला होता. म्हणजे कटर दोन झाले, रूळ एकच.

मग कोल्हापुरात जिकडंतिकडं फ्लॅट उठायला लागले. तम्माला त्या फ्लॅटमधली स्वयंपाकघरं दिसत होती. शोरूम टाकायची, माणसं वाढवायची. अण्णांना फक्त समोरची फळी दिसायची. कुरबूर सुरू होतीच. एक दिवस तम्मानं एका बिल्डरला कारखाना दाखवायला आणलं. सबंध इमारतीचं काम होतं. बिल्डर बोलता बोलता वाकला आणि त्यानं हातातला चहाचा ग्लास टेबलावरच्या रुळावर ठेवला.

"पावणं," अण्णा म्हणाले, "च्या उचला."

बिल्डर हसला. त्याला वाटलं, चहा संपवा म्हणताहेत. "अहो, पितोय की."

"च्या उचला. आनि कामबी दुसरीकडं बगा."

मी जिन्यात होते.  एवढं काम, आणि चहाच्या ग्लासापायी! तम्माचा चेहरा पांढराफटक पडला. बिल्डरची गाडी गेल्यावर त्या घरात जे भांडण झालं ते सगळं कानडीत झालं, म्हणून मला शब्द कळले नाहीत. पण भांडण कळायला भाषा लागत नाही. वैनी मध्ये उभी राहून आळीपाळीनं दोघांकडं बघत होती. शेवटी तम्मा मराठीत ओरडला, बहुधा गल्लीला कळावं म्हणूनच. "वाटनी पायजे मला!"

वाटणीला कोडोलीहून मामा आले. हे दोघांच्या आईचे भाऊ, ज्यांच्या शब्दाबाहेर घरात कुणी नव्हतं. रविवार होता, सकाळचं ऊन वखारीत आलं होतं. मी वर गॅलरीत उभी होते. तसं बघायला नको होतं, पण माझ्याच्यानं आत बसवेना. मामा एकेक वस्तू पुकारत होते. सागवान, प्लाय, रंधे, चहाची किटलीसुद्धा. अण्णा प्रत्येक वस्तूला म्हणत होते, "त्याला दे." शोरूमसाठी रस्त्याकडची बाजू पाहिजे? दे. परदेशी कटर? दे, मला गावठी चालतो. मामा वैतागले. "आरं, तू काय संन्यास घेतलास व्हय?"

तम्मा चिडत चालला होता. तो भांडायच्या तयारीनं आला होता आणि समोरून कुणी भांडतच नव्हतं. शेवटी त्यानं सुरी जिथं लागेल तिथंच घातली.

"आनि रूळ मला."

 अण्णा उभे राहिले. त्यांची ती बोलण्याआधीची शांतता मी इतकी वर्षं बघत आले होते, पण तेवढी लांब कधी बघितली नव्हती. मग म्हणाले, "न्हाय. रूळ वाटायचा."

"अरं, त्यो वाटायचा कसा?" मामा म्हणाले.

अण्णा आत गेले, खाटेखालून रूळ काढला, आणून टेबलावर ठेवला. मोजपट्टी लावली. बरोबर मध्यावर पेन्सिलीनं खूण केली, काटकोनी गुण्यानं रेघ ओढली. आणि लोखंड कापायची हातकरवत घेतली.

माझा विश्वास बसेना. ज्या रुळासाठी हा माणूस वर्षभर थांबला, ज्याच्यासाठी तिरपा झोपला, ज्याच्यावरचा चहाचा ग्लास त्याला सोसला नाही! विजेचं यंत्र असतं तर क्षणात संपलं असतं. पण हातकरवत ती, तिचा किरकिर आवाज माझ्या दाढांमध्ये जात होता. तम्माला आधी वाटलं अण्णा नुसता धाक घालतोय. मग ॲल्युमिनियमचा चुरा पडायला लागला.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "ठेव तुझ्याकडंच. मला नगं."

अण्णा थांबले नाहीत.

"अण्णा, मला रूळ नगं म्हनतोय न्हवं!" करवत चालूच. तम्मानं पुढं होऊन त्यांचं मनगट धरलं आणि लहान पोरागत ओरडला, "बेडा अण्णा, बेडा!" कानडीत बेडा म्हणजे नको. एवढं तर मला त्या घरात राहून कळतच होतं.

अण्णांनी मनगट सोडवलं आणि काम पुरं केलं. दोन्ही कडा कानसेनं घासल्या. रॉकेलच्या फडक्यानं दोन्ही तुकडे पुसले. एक तम्माच्या हातात दिला. "ह्यो तुजा. ह्यो माजा." आणि नेहमीप्रमाणे, बोलून झाल्यावरही तिथंच उभे राहिले. वैनी दारात तोंडात पदर धरून उभी होती. मामा जेवायला थांबले नाहीत.

मला त्यांचा इतका राग आला, काय सांगू. भाऊ नको म्हणत होता, मागं सरत होता, हात धरत होता, तरी कापलाच! मला नाही तर तुलाही नाही, असला दळभद्री हट्ट. गल्लीही हेच म्हणाली. महिनाभर मी जिन्यातून येता-जाता त्यांच्याकडं बघितलं नाही. माझा राग त्यांच्या लक्षात आला की नाही कोण जाणे. वखारीत मधोमध भिंत चढली. रस्त्याकडची बाजू तम्माची, मागची अण्णांची. तम्मा बायकोला घेऊन रंकाळ्याच्या पलीकडं राहायला गेला. भाऊ बोलेनासे झाले, आणि वैनीनं ज्याला ओटीत घेतलं होतं तो भिंतीपलीकडून खोकला, तरी ती हातातलं काम टाकून कान द्यायची. मला ते बघवत नसे.

अण्णा आता फक्त चार फुटांच्या आतलं काम घेत. पाट, स्टुलं, चपलांची कपाटं. पाच फुटी रुळाला चार फुटी फळी जेमतेम बसते, आधी अर्धा फूट आणि नंतर अर्धा फूट. पलीकडं तम्माचंही तेच. पण शोरूम काय स्टुलांवर चालते? त्यानं कपाटांचं मोठं काम घेतलं, सात फुटी दारं. जुनी खिडकीची पट्टी लावून कापली. दारं वाकडी आली, गिऱ्हाइकानं सगळ्यांच्या देखत परत पाठवली. ती टेम्पोतून उतरताना अण्णा मागच्या दारातून बघत होते. 

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, भरदुपारी तम्मा आपला अर्धा रूळ खांद्यावर घेऊन भिंतीला वळसा घालून आला. मी शाळेतून येत होते, मी जिन्याच्या पायरीवरच थांबले. तो दारात उभा राहिला. काही मागितलं नाही. अण्णांनी त्याच्याकडं बघितलं, आत जाऊन आपला अर्धा आणला आणि दोन्ही तुकडे टेबलावर समोरासमोर ठेवले. मग पुन्हा आत गेले आणि बिस्किटांचा एक जुना डबा घेऊन आले. त्यात पोलादाच्या दोन पट्ट्या होत्या, भोकं पाडलेल्या, स्क्रू बसवलेल्या. रुळाच्या खालच्या खाचेत त्या सर्रकन गेल्या, अगदी मापाच्या.

तम्मा त्या पट्ट्यांकडं बघत राहिला. "ह्या कवा केल्यास?"

अण्णांची ती शांतता. मग म्हणाले, "वाटनीच्या आदी."

 सांधा म्हणजे खोटं बोलायची जागा म्हणणाऱ्या या माणसानं, रुळाला करवत लावायच्याही आधी, उद्यमनगरात जाऊन सांधा करून आणला होता. मी महिनोन्‌महिने ज्याला शिव्या घातल्या तो हट्ट नव्हताच. म्हणजे भाऊ रूळ मागणार हेही त्यानं ओळखलं होतं, आणि नको म्हणाला तरी थांबायचं नाही हेही ठरवलं होतं! नुसता देऊन टाकला असता तर तम्मा तो घेऊन गेला असता, आणि मग पुन्हा या दारात कशाला आला असता?

तम्मा भुशातच बसला होता. दोन्ही हातांनी तोंड झाकून.

"ऊठ," अण्णा म्हणाले. "दोरी धर. केसाएवढं वाकडं हाय."

केसाएवढं वाकडं ते राहिलंच. कितीही जुळवलं तरी त्यापुढं त्यांच्या प्रत्येक लांब फळीच्या कडेला मध्यावर एक बारीकसा टवका पडायचा. पूर्वीचे अण्णा त्यापायी झोपले नसते. हे अण्णा त्यावरून बोट फिरवायचे आणि फळी पुढं द्यायचे. तम्मा म्हणाला, दोन्ही तुकडे तुझ्याकडंच ठेव, सारखी ने-आण कशाला. अण्णा एकदम गरजले, "न्हाय! दिवस मावळला की ज्याचा त्याच्या घरी." मग तम्मा काम संपलं की आपला अर्धा खांद्यावर टाकायचा, आणि टाकायच्या आधी वैनी त्याच्यापुढं ताट ठेवायची.

अण्णा गेले ते त्यांच्याच रीतीनं. दवाखान्यानं बोलावलं होतं त्याच्या आदल्या दिवशीच जाऊन बाकावर बसले. नर्सनं दोनदा घरी जा म्हणून सांगितलं. परत काही आले नाहीत. मला अजून खरं वाटत नाही. एवढा उंच माणूस, आवाज तर अख्ख्या गल्लीला पुरणारा.

दिवस झाल्यावर नातलग जमले असताना वैनीनं सांगितलं, "त्यांनी एक सांगून ठेवलंय. त्यांचा अर्धा रूळ माझ्याकडं ऱ्हायचा. तम्माला लागंल तवा न्यायचा, पर दिवस मावळायच्या आत आनून द्यायचा. कायमचा द्यायचा न्हाय." नातलगांत कुजबुज झाली. मेल्यावरही भावाला अर्धी पट्टी सुटली नाही, असं मामा उघड म्हणाले. तम्मा खाली मान घालून म्हणाला, "बरं." बस, एवढंच.

तेव्हापासून तो यायचा. सकाळी अर्धा रूळ न्यायचा, संध्याकाळी पुसून आणून द्यायचा. वैनी त्याच्या आवडीचं काहीतरी करून ठेवायची. रिकाम्या घरात ती दिवसभर कुणाशी बोलत नसे, पण संध्याकाळी वर माझ्यापर्यंत तिचं कानडी ऐकू यायचं, आणि त्यात त्याला रागावणं जास्त.

पुढं माझी बदली झाली, तेव्हा निघायच्या आधी एक पुस्तकांचं कपाट करून घ्यावं म्हणून मी तम्माच्या शोरूमवर गेले. तो आतल्या बाजूला काम करत होता. मी सरळ आत गेले. टेबलावर एक नवाकोरा रूळ होता. दहा फुटी. एकसंध. तम्मा त्यावरूनच फळी कापत होता. आणि पलीकडं भिंतीशी, गोणपाटावर आडवे ठेवलेले दोन अर्धे होते. एक त्याचा, आणि एक त्यानं सकाळीच वैनीकडून मागून आणलेला. दोन्हीवर भुशाचा कणसुद्धा नव्हता.

"हा कधी आणलास?" मी विचारलं.

"झालं की वरीस. आता पुन्यात मिळतोय." त्यानं कटर बंद केला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "बाई, वैनीला सांगू नगासा."

कपाटाचं माप न देताच मी परत फिरले.  घरी आले तर वैनी दारात तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्या शेजारी टेकले. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कुणास ठाऊक, तिनं एकदाच बघितलं आणि पुन्हा सुपाकडं वळली.

"त्याच्या दुकानात गेलतासा न्हवं?" ती म्हणाली. "नवा रूळ बगितला असंल."

मीही सुपातले खडे शोधायला लागले.

"मला ठाव हाय की. लई दिवस झालं." तिनं एक खडा वेचून अंगणात टाकला. "त्याला सांगू नगा."